उंबरठ्यातले दोन ध्वज

ज्या दोन देशांविषयी मी लिहिणार आहे, त्यांची नावे येथे देणार नाही. दोन्ही लहान आहेत, आणि नाव घेऊन सांगितलेली गोष्ट लहान देशांना मोठ्या देशांपेक्षा अधिक लागते. वाचकांनी फक्त नकाशा डोळ्यांसमोर आणावा. एक देश डोंगरांत आहे. त्याला कोठेही समुद्र नाही. दुसरा देश म्हणजे दूर समुद्रातली बेटे. त्याला समुद्राखेरीज जवळजवळ काहीच नाही. पहिल्याच्या दऱ्यांत संत्री, बटाटे आणि मोठी वेलची पिकते. दुसऱ्याकडे नारळाचे तेल आणि सुकी मासळी. एकाकडे जे आहे ते दुसऱ्याला हवे आहे, तेव्हा दोघांत व्यापार व्हावा हे सातवीतल्या मुलीलाही कळते. परंतु दोघांच्या मध्ये आपली जमीन पसरलेली आहे. मासळी डोंगरात न्यायची तर ती बोटीने कलकत्त्याच्या गोदीत उतरणार, सीलबंद मालडब्यांतून सरहद्दीजवळच्या स्टेशनापर्यंत जाणार, आणि तेथून ट्रकने घाट चढणार. संत्री याच वाटेने उलटी येणार. या दोन देशांची गाठ कलकत्त्यात पडावी हे अशा रीतीने भूगोलानेच ठरवले होते. ती आमच्या घराच्या दारात पडावी, हे मात्र कोणत्याही भूगोलात लिहिलेले नव्हते.

सत्तरच्या दशकाच्या आरंभीची ती वर्षे. मी बालीगंजमधल्या एका मुलींच्या शाळेत भूगोल शिकवत असे. माझे यजमान रेल्वेत होते. गार्डन रीचच्या कार्यालयात मालगाड्यांचे काम पाहत. सासरे गेल्यानंतर सासूबाई सांगलीहून आमच्याकडे राहायला आल्या होत्या. त्या काळी शहरात सतत एक ताण असे. भिंतींवर घोषणा असत, महिन्यातून एखादा तरी बंद असे, आणि शाळा सुटली की सगळ्या मुली घरी पोचल्याचे कळेपर्यंत आम्हा शिक्षिकांपैकी कोणाला चहा गोड लागत नसे.

आमच्या खालच्या मजल्यावर त्या डोंगरातल्या देशाचे व्यापार प्रतिनिधी राहत. पुढची खोली कार्यालय, मागच्या खोल्यांत संसार. पस्तिशीचे, मवाळ गृहस्थ; कालिंपाँगला शिकलेले. मला ते दिदी म्हणत, सासूबाईंना माताजी. त्यांच्या दोन्ही मुली माझ्याच शाळेत होत्या. थोरली नववीत होती. त्यांच्या दरीत मुलींसाठी चौथीच्या पुढे शाळा नव्हती, हे येथे मुद्दाम सांगते, कारण पुढचे सारे त्यावर अवलंबून आहे.

बेटांच्या देशाशी व्यापाराचा समझोता करावा म्हणून या प्रतिनिधींनी दोनदा प्रयत्न केला होता. दोन्ही वेळा बोलणी मोडली, आणि ती मालाच्या भावावरून मोडली नव्हती. एकदा कोणी कोणाकडे जायचे यावरून, दुसऱ्यांदा कोणी आधी बोलायचे यावरून. तिसऱ्या वेळी त्यांच्या राजधानीतून स्पष्ट सांगण्यात आले, की या खेपेस सह्या झाल्या नाहीत तर कलकत्त्याचे कार्यालय बंद करून परत यावे. हे त्यांनी मला जिन्यात सांगितले, आणि सांगून झाल्यावर थोरलीच्या भूगोलाच्या गुणांची चौकशी केली. मी गुण सांगितले. ते ऐकून त्यांनी मान खाली घातली. गुण चांगले होते.

बेटांच्या देशाचे व्यापार सचिव बोटीने आले होते. त्यांचा देश नुकताच स्वतंत्र झाला होता. सचिव साठीकडे झुकलेले, काटकुळे, हातात नेहमी छत्री. पूर्वी ते मुख्याध्यापक होते असे म्हणत, आणि त्यांचे इंग्रजी ऐकताना ते खरे वाटे. प्रत्येक शब्द सुटा, फळ्यावर लिहिल्यासारखा. सह्या चौरंगीवरच्या एका हॉटेलात व्हायच्या होत्या. पण त्याच दिवशी बंद पुकारला गेला. बंद संध्याकाळी सुटणार होता, आणि सुटताच सचिवांना बोटीवर चढायचे होते. बोट पहाटेच्या भरतीबरोबर निघणार होती. गाडी रस्त्यावर काढणे शक्य नव्हते. सचिव उतरले होते ते अतिथिगृह बाजाराच्या पलीकडे, आमच्यापासून पायी येण्याजोगे. पण खालच्या घरी येऊन सही करायला त्यांनी नकार दिला. तसे केले तर आपण मागायला गेलो असे दिसेल. प्रतिनिधींनीही त्याच कारणासाठी अतिथिगृहात जायचे नाकारले. शेवटी तिसऱ्या कोणाचे तरी घर हवे, असे ठरले. आदल्या दिवशी दुपारी प्रतिनिधी वर आले.

"दिदी, तुमची बैठकीची खोली दोन तासांसाठी मिळेल का?"

"मिळेल की," मी म्हणाले. "पण टेबल गोल नाही आमचं."

"चालेल. खुर्च्या मात्र सारख्या उंचीच्या हव्यात."

यजमान बंदमुळे आदल्या संध्याकाळीच कार्यालयात मुक्कामाला गेले. जाताना म्हणाले, "दोन राष्ट्रं तुझ्या घरी येणार, आणि मी मालडब्यांपाशी. आईला सांभाळ. ती सचिवाला आग्रह करून करून पोळी वाढेल आणि तिसऱ्या वेळचाही समझोता मोडेल."

सकाळी मी शिस्तीने तयारीला लागले. दोन खुर्च्या समोरासमोर मांडल्या, उंची पट्टीने मोजली. एकाच संचातले दोन कप काढले. दोन्ही बाजूंना सारखाच उजेड यावा म्हणून पडदा पूर्ण सरकवला. राहिला होता एकच भेद. प्रतिनिधींकडे त्यांच्या देशाचा टेबलावर ठेवायचा छोटा ध्वज होता, आणि तो टेबलावर असावा अशी त्यांना राजधानीची आज्ञा होती. तो त्यांनी सकाळीच वर आणून टेबलावर ठेवला होता. सचिवांनी मात्र निरोप धाडला होता, की त्यांचा ध्वज सामानाबरोबर आधीच बोटीवर गेला आहे. त्या देशाचा ध्वज कलकत्त्यातल्या कोणत्याही दुकानात मिळाला नसता, आणि बंदच्या दिवशी दुकानेच नव्हती. प्रतिनिधी या एका गोष्टीने फार अस्वस्थ होते. मी आणि त्यांची पत्नी स्वयंपाकघरात यावर बोलत होतो, तेव्हा सासूबाई तेथेच पोहे निवडत बसल्या होत्या. त्यांना हिंदी बोलता येत नसे, पण समजत पुष्कळ असे.

दहाच्या सुमारास मी खाली गेले. समझोत्याच्या दोन्ही प्रती जुळवून पाहायच्या होत्या. याची एक रीत आहे, ती येथे सांगून ठेवते. दोन देशांत करार झाला की त्याच्या दोन प्रती करतात. जी प्रत ज्या देशाकडे राहायची, तिच्यात त्या देशाचे नाव आधी आणि त्याची सही वरती. त्यामुळे कोणीच दुसरा ठरत नाही. वर्गात दोन भांडखोर मुलींना मी आलटून पालटून फळा पुसायला लावत असे, त्यातला हा प्रकार. ओळीला ओळ लावून पाहण्यात दोन तास गेले. प्रती बिनचूक होत्या. प्रतिनिधी कोट चढवून, ठरल्याप्रमाणे अर्ध्या वाटेवरच्या बाजारापर्यंत, सचिवांना आणायला निघाले. त्यांची पत्नी आणि मी प्रती घेऊन वर आलो.

दार सताड उघडे होते. आमच्या दारातून आत शिरले की एक अरुंद वाट होती, दोन्ही हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागतील एवढी. ती वाट या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत रांगोळीने भरली होती. उंबरठ्याला लागून बेटांच्या देशाचा ध्वज, त्याच्या पलीकडे डोंगरातल्या देशाचा. मी भूगोलाच्या वर्गासाठी आणलेल्या ध्वजांच्या नव्या तक्त्यावरून सासूबाईंनी ते हुबेहूब उतरवले होते. रंगांचे डबे त्यांनी सांगलीहून येताना गाठोड्यात बांधून आणले होते. कडेला वेलबुट्टी काढली होती, आणि डोंगरातल्या ध्वजावरचे पवित्र चिन्ह इतके बारीक भरले होते की ते जमिनीतून वर उठून आल्यासारखे दिसत होते. पलीकडे, आतल्या बाजूला, सासूबाई कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या.

"झेंडा नाही, झेंडा नाही म्हणून रडत होता ना सगळे," त्या म्हणाल्या. "घ्या. दोन्ही सारख्या मापाचे आहेत. सुतळीनं मोजलेत."

माझ्या शेजारी उभ्या असलेल्या बाईंनी तोंडावर हात ठेवला होता. कौतुकाने नव्हे.

"दिदी," त्या हलकेच म्हणाल्या, "याच्यावर पाय पडेल."

मी सासूबाईंना म्हणाले, "आई, फार सुंदर झाली आहे. पण झेंडा जमिनीवर चालत नाही. त्यांच्यात तर ते चिन्ह देवाच्या जागी आहे."

"मी काय पाय द्यायला काढलीय? पाय जपून टाकायला काढलीय. रांगोळी ओलांडून पाहुणा येतो, त्यात त्याचा मान असतो. तुझ्या शाळेत पंधरा ऑगस्टला काढत नाहीत?"

"मैदानाच्या कडेला काढतात. दोरी लावतात भोवती."

"मग लाव दोरी."

"आणि माणसं आत कशी येतील?"

"मागच्या जिन्यानं."

मागे लोखंडी चक्राकार जिना होता, झाडूवाल्याने यायचा. खालच्या मजल्यावर पाय ठेवायला जो गृहस्थ कमीपणा मानतो, त्याला त्या जिन्याने आणणे म्हणजे समझोता आपल्याच हाताने फाडणे. हे मी त्यांना सांगितले. त्यांनाही ते पटले असावे, कारण जिन्याचे नाव त्यांनी पुन्हा काढले नाही. मग म्हणाल्या, "पुसायचीच असेल तर तुम्ही पुसा. मी नाही पुसणार. आणि केरसुणी तर लावूच देणार नाही."

खरी अडचण तीच होती. ध्वजावर पाय ठेवणे अपमान, तर ध्वज केरसुणीने लोटणे त्याहून मोठा. तसाच ठेवला तर पाहुणा आत येऊ शकत नव्हता, आणि पाहुणा कोणत्याही क्षणी येण्यासारखा होता. रस्ते रिकामे होते; चालणाऱ्याला अडवायला ना ट्राम होती ना गर्दी. मी वर्गात अशा वेळी मुलींना सांगत असे, की जे करायचे नाही त्याची यादी करा, म्हणजे जे करायचे ते उरते. येथे यादी केल्यावर काहीच उरत नव्हते.

त्या बाई मात्र उंबरठ्याबाहेर गुडघे टेकून बसल्या. त्यांनी पुस्तकी नसलेल्या हिंदीत मला सांगितले, की त्यांच्याकडच्या मठांत भिक्षू रंगीत वाळूचे मंडल काढतात. ते पूर्ण व्हायला कित्येक दिवस लागतात. पूर्ण झाले, प्रार्थना झाली, की भिक्षू स्वतःच्या हाताने ते कडेकडून मध्याकडे ओढून घेतात, पात्रात भरतात आणि वाहत्या पाण्यात सोडतात. त्यात अपमान नसतो. काढण्याइतकेच ते पवित्र असते.

"हाताने," त्या म्हणाल्या. "कडेकडून आत. पायाशी काही सांडायचं नाही."

मी हे सासूबाईंना मराठीत सांगितले. त्यांनी ऐकून घेतले. त्यांच्या चेहऱ्यावरचा ताठा गेला नाही, पण त्या वळल्या आणि देवघरात गेल्या. परत आल्या तेव्हा हातात मोठे ताम्हण होते. ते त्यांनी आपल्या बाजूला, भिंतीशी जमिनीवर ठेवले.

"म्हणजे विसर्जन," त्या म्हणाल्या. "असं सांगा ना मग. पुसायचं कशाला म्हणता?"

आम्ही दोघी बाहेरच्या बाजूला होतो, त्यामुळे हाताशी होता तो बेटांचा ध्वज. तोच आधी घेणे भाग होते. त्याच्यावरून ओणवे होऊन पलीकडे हात टाकला असता तर पदराने दोन्ही बिघडले असते. त्या बाईंनी कडेची निळी पट्टी दोन्ही तळहातांनी आत ओढली. मी हिरवी ओढली. अर्धा ध्वज ओंजळीएवढ्या ढिगात जमला होता, तेव्हा जिन्यात छत्रीची काठी वाजली.

सचिव आमच्या मागे, दोन पायऱ्या खाली उभे होते. त्यांच्या मागे प्रतिनिधी. आम्ही दोघी गुडघ्यांवर, दोघींचे हात मनगटापर्यंत त्यांच्या ध्वजाच्या रंगाने माखलेले. समोर त्यांचा ध्वज अर्धा नाहीसा झालेला, आणि त्यापलीकडे दुसऱ्या देशाचा अखंड.

प्रतिनिधींनी एकदा पत्नीकडे पाहिले, एकदा माझ्याकडे. मी उभी राहिले आणि झाले ते क्रमाने सांगितले: रांगोळी म्हणजे काय, ती का काढली, का काढून घेत आहोत, कोणत्या रीतीने. सचिवांनी पूर्ण ऐकले. मध्ये एकदाही तोडले नाही. मग त्यांनी छत्रीने नव्हे, बोटाने, जमिनीकडे दाखवले.

"मॅडम, एकच प्रश्न," ते म्हणाले. "माझा आधी का?"

मी हाताशी असल्याचे कारण सांगू लागले, पण ते खरे असूनही सबबीसारखे वाटले, आणि वाक्य अर्ध्यावर राहिले.

सासूबाईंनी पलीकडून विचारले, "काय म्हणतोय तो?"

"त्यांचा झेंडा आधी का काढून घेतला, असं विचारताहेत."

"मग सांग ना. आधी काढलाही त्यांचाच."

मी ते इंग्रजीत सांगितले. सचिवांची भुवई किंचित हलली. "तो तरी आधी का?"

मी प्रश्न मराठीत केला. सासूबाई साधेपणाने म्हणाल्या, "ज्याच्याकडे नाही त्याचा आधी. खालच्यांचा टेबलावर आहेच की."

हे भाषांतर करावे की करू नये, याचा विचार करायला मला फार थोडा वेळ मिळाला. नुकताच स्वतंत्र झालेला देश, आणि त्याच्या प्रतिनिधीला तोंडावर सांगायचे, की तुमच्याकडे नाही म्हणून आम्ही काढला. काही मवाळ करून सांगता आले असते. पण समोरचा माणूस शाळेतला होता, आणि मवाळ केलेले उत्तर शाळेतल्या माणसाला लगेच ओळखू येते. मी शब्दाला शब्द ठेवून सांगितले.

"पलीकडच्या आजी बरोबर बोलतात," सचिव म्हणाले. "माझा ध्वज बोटीवर नाही. आमच्याकडे अजून थोडेच शिवून झाले आहेत. माझ्या प्रवासाला एक मिळाला नाही. ते सांगण्याऐवजी बोटीवर गेला असे सांगणे मला सोपे वाटले."

मग ते प्रतिनिधींकडे वळले. "मी रागावलेलो नाही. पण माझी अडचण ऐका. माझा ध्वज आता चूर्ण आहे, आणि तुमचा टेबलावर उभा आहे. या टेबलावर मी सही केली, तर घरी जाऊन मी काय सांगू? तो टेबलावरून काढा, मी आत्ता सही करतो. ठेवायचाच असेल, तर मी बोटीवर जातो. आपली मैत्री राहील. सही राहणार नाही."

प्रतिनिधींना ध्वज काढायचा अधिकार नव्हता. राजधानीला विचारायचे तर खालचा टेलिफोन सकाळपासून बंद होता. रेल्वेने यजमानांसाठी दिलेला आमचा टेलिफोन चालू होता, पण ट्रंक कॉलला एक्स्चेंजमधून उत्तर येत नव्हते. प्रतिनिधींच्या सांगण्यावरून मी त्या सकाळीच दोनदा प्रयत्न केला होता. ध्वज काढला तर आज्ञाभंग, आणि त्याची शिक्षा परत बोलावणे. नाही काढला तर सही नाही, आणि कार्यालय बंद. दोन्ही वाटा एकाच ठिकाणी जात होत्या. फरक एवढाच, की एकीवर समझोता हाती लागत होता.

त्यांनी पत्नीकडे पाहिले. त्या मान खाली घालून ढिगाकडे बघत होत्या. मग त्यांनी मला विचारले, "दिदी, तुम्ही असता तर?"

"मला माहीत नाही," मी म्हणाले. आणि ते खरे होते.

त्यांनी बूट काढले, कोट काढून कठड्यावर टाकला, आणि पत्नीशेजारी गुडघे टेकले. आत जायचे तर वाटेत त्यांचा स्वतःचा ध्वज होता. बेटांच्या ध्वजाचा उरलेला भाग आधी आत ओढून झाला. मग त्यांनी स्वतः आपल्या ध्वजाला हात घातला. कडा, वेलबुट्टी, रंगाच्या पट्ट्या. मधल्या चिन्हापाशी त्यांचा हात थांबला. त्यांच्या पत्नीने ओठांतल्या ओठांत काही म्हटले आणि त्यांच्या तळहाताखाली आपला तळहात सरकवला. मग चिन्ह गेले.

चूर्ण भरायला सासूबाईंनी मोकळ्या झालेल्या वाटेवरून ताम्हण पुढे केले. ते जड होते, त्यांना एकटीला पेलेना. रंगाने न माखलेले हात फक्त सचिवांचे होते. त्यांनी वर येऊन छत्री भिंतीला टेकवली आणि दुसऱ्या बाजूने ताम्हण धरले. चूर्ण भरून होईपर्यंत ते तसेच वाकून उभे राहिले.

"नीट धरा हो," सासूबाई मराठीत म्हणाल्या. "सांडवाल."

त्यांनी नीट धरले.

प्रतिनिधी आत गेले. टेबलावरचा छोटा ध्वज त्यांनी काठीवरून उतरवला. त्यांच्या पत्नीने पाहुण्याच्या गळ्यात घालण्यासाठी आणलेले पांढरे रेशमी वस्त्र पुढे केले. ध्वज त्यात गुंडाळून त्यांनी देवघराच्या वरच्या फळीवर ठेवला, सासूबाईंना विचारून. मग दोघे सारख्या उंचीच्या खुर्च्यांवर बसले आणि आपापल्या प्रतीवर वरती, दुसऱ्याच्या प्रतीवर खाली अशा सह्या केल्या. मी सही टिपायला टीपकागद धरला. टेबलाचा मधला भाग रिकामा होता.

सचिवांनी चहा घेतला, पोहेही घेतले; सासूबाईंनी दुसऱ्यांदा वाढले तेव्हा नको म्हणाले, आणि तिसऱ्यांदा वाढले तेव्हा काही म्हणाले नाहीत. संध्याकाळी ते बोटीवर गेले.

ते गेल्यावर सासूबाई मला म्हणाल्या, "खालच्यांना सांग, झेंडा उतरवल्याचं तिकडे कळवू नका म्हणावं. कोण सांगायला जातंय?"

मी सांगितले. प्रतिनिधी म्हणाले, "मी कळवणार आहे, दिदी. ते त्यांच्याकडे सांगतील, मग ते इकडे येईल. आणि तसं नाही झालं तरी मुलींनी वरून सगळं पाहिलंय. त्यांना मी काय सांगू?"

दोघी मुली गच्चीच्या जिन्यावर बसून सर्व पाहत होत्या, हे मला तेव्हा कळले.

त्यांनी कळवले. मग उत्तर येईना. त्यांची पत्नी बस चालू झाल्यावर ताम्हणातले चूर्ण गंगेत सोडून आली, आणि आल्यावर तिने खिडक्यांचे पडदे उतरवून धुतले, घड्या घातल्या, आणि पुन्हा लावले नाहीत. मी शाळेतून येताना त्या उघड्या खिडक्या दिसत. थोरली वर्गात येत असे, पण पुढच्या वर्षीच्या विषयांविषयी मी बोलू लागले की खिडकीबाहेर पाहत असे. मी तिला काही विचारले नाही. शिक्षिकेने मुलीला विचारू नये असे काही प्रश्न असतात, आणि त्यांची उत्तरे त्या मुलीलाही ठाऊक नसतात.

एका रविवारी दुपारी आमचा टेलिफोन वाजला. ट्रंक कॉल होता, त्यांच्या राजधानीतून. खालचा टेलिफोन पुन्हा बिघडला होता म्हणून आमच्या क्रमांकावर. यजमान घरी होते. ते गॅलरीतून खाली ओरडले, आणि प्रतिनिधी जिना चढून आले. त्यांच्यामागे त्यांची पत्नी आली, पण दाराशीच थांबली.

रिसीव्हर कानाला लावून ते ताठ उभे राहिले. पलीकडचा आवाज आम्हाला ऐकू येत होता, शब्द नव्हे.

"येस सर," ते म्हणाले. "येस सर. नो सर." मग बराच वेळ काही नाही. "माझा निर्णय होता, सर. दुसऱ्या कोणाचा नाही." पुन्हा बराच वेळ. "येस सर."

यजमानांनी हातातले वर्तमानपत्र घडी करून ठेवले. सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. प्रतिनिधींनी रिसीव्हर हलकेच ठेवला आणि तो नीट बसला आहे ना हे पाहिले.

"फार ओरडले," ते म्हणाले.

"मग?" यजमानांनी विचारले.

"म्हणाले, ध्वज परवानगीवाचून उतरवणं अक्षम्य आहे. म्हणाले, पुढच्या खेपेला बेटांचे लोक संत्र्यांचा भाव ठरवायला येतील, तेव्हा असं करशील तर याद राख."

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिले. मी मराठीत सांगितले.

"पुढच्या खेपेला म्हणाले?" त्यांनी विचारले.

"हो."

"म्हणजे पुढच्या खेपेला हाच असणार इथं." त्या आत वळल्या. "बसा म्हणावं. चहा टाकते."

दारातल्या बाईंनी मला हिंदीत विचारले, की माताजी काय म्हणाल्या. मी सांगितले. त्या चहाला न थांबता खाली गेल्या. थोड्या वेळाने खालून स्टूल ओढल्याचा आवाज आला, आणि पडद्याच्या कड्या एकामागून एक सळईवर सरकू लागल्या.